ज्याचं गाऱ्हाणं त्याच्याच तोंडी

फोनवर तू आईला म्हणालीस, "आजीला सांगू नकोस, तिला यातलं काय कळणार?" तुझ्या आईने अर्थातच तासाभरात मला सांगितलं. पुढच्या आठवड्यापासून तू मनाच्या डॉक्टरकडे जाणार आहेस आणि जायच्या आधीच तुला भीती वाटते आहे. तू धाकट्या भावालाही सांगितलं आहेस म्हणे, म्हणून हे तुम्हा दोघांसाठी लिहिते. निम्मं वाचून बंद करू नका. पहिला निम्मा भाग वाईट आहे.

मला यातलं कळतं. माझं डावं मनगट वाकडं आहे हे तू लहानपणी पाहिलं होतंस आणि मी विहिरीवर पडले असं तुला सांगितलं होतं. मी विहिरीवर पडले नव्हते. ते तुमच्या आजोबांनी मोडलं होतं. मांजराला मांडीवर घेऊन ओटीवर बसणारे, तुम्हाला आंब्याच्या फोडी करून देणारे, तेच आजोबा. हे लिहायला त्यांची परवानगी आहे. "पोरांका कधी गरज लागली तर सांग," असं ते म्हणून ठेवून गेले. "पण माज्या मागे सांग, माज्या समोर नको."

आमचं गाव वेंगुर्ल्याच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी. घरचं एक गलबत होतं. ते सुपारी आणि काथ्या घेऊन मुंबईला जाई आणि किराणा माल भरून परत येई. आजोबा त्यावर असत. बरोबर त्यांचा आतेभाऊ असे, त्यांच्याच वयाचा, एका ताटात जेवून वाढलेला. आत्या विधवा होती, दोन घरं सोडून राहायची आणि हा तिचा एकुलता एक मुलगा. मी वेंगुर्ल्याची, कोल्हापूरला राहून बी.ए. झालेली. लग्नाआधी शाळेत इंग्रजी शिकवत होते. तुमची आई तेव्हा तान्ही होती.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. पावसाळ्यासाठी समुद्र बंद होण्याआधीची शेवटची खेप घेऊन गलबत परत येत होतं. भर दुपारी वारा फिरला आणि खाडीच्या तोंडाशी असलेल्या खडपावर ते आपटून फुटलं. आम्ही किनाऱ्यावरून पाहत होतो. डोलकाठी पडली ती दिसली, माणसं दिसली नाहीत. संध्याकाळच्या आत छोट्या होडीतून तीन जण किनाऱ्याला लागले: आजोबा आणि दोन खलाशी. आतेभाऊ नव्हता. तो दुसऱ्या दिवशी दक्षिणेच्या वाळूत सापडला. माशांनी त्याचे डोळे ठेवले नव्हते. आत्याने पदराने त्याचा चेहरा झाकला आणि कुणालाही तो पदर उचलू दिला नाही.

काय झालं ते सगळ्या गावाला एका वाक्यात कळलं. आजोबांनी भावाला वाचवायला हात दिला, लाटेने तो हात सोडवला. हे पहिल्यांदा कोण म्हणालं ते मला आठवत नाही. आजोबा म्हणाले नव्हते. ते काहीच म्हणाले नव्हते. होडीतले दोन खलाशीही काही बोलले नाहीत आणि थोड्या दिवसांत गोदीत काम मिळालं म्हणून मुंबईला निघून गेले.

तेराव्याच्या पंगतीत सुरुवात झाली. आजोबा दोन घास खाऊन उठायला लागले. सासूबाई वाढत होत्या. त्यांनी मुलाचं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "बस रे झिला, ह्यो एक वडो तरी खा." आजोबांनी दुसऱ्या हाताने पितळी तांब्या उचलला आणि आईच्या तोंडावर घातला. सासूबाई खाली बसल्या. त्यांचा एक दात पानातल्या भातात पडला होता. पंगत तशीच बसून राहिली. मग कोणीतरी म्हणालं, दुःख डोक्यात गेलं आहे, उतरेल.

ते उतरलं नाही. त्यांना झोप नाही, खाणं नाही म्हणून मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, वैद्य आणला. गंभीर, लठ्ठ, सगळ्यांना दरारा वाटेल असा माणूस. "हात दी बघू," म्हणत त्याने नाडी पाहायला मनगटावर बोटं टेकवली. दुसऱ्या क्षणी वैद्य ओटीवरून खाली अंगणात होता आणि आजोबा त्याच्या छातीवर बसून त्याचा गळा आवळत होते. तिघांनी ओढून काढलं. वैद्य धोतर सावरत फाटकाकडे पळताना ओरडला, "पित्त न्हय हां! ह्यां पित्त न्हय!"

त्यानंतर घरात भांडी उंचावर गेली. कोयते, विळे, मुसळ, सगळं मागच्या पडवीत कुलपात ठेवलं. मधले काही आठवडे ते अगदी शांत असत आणि मग अचानक कुणाचा तरी ओठ फुटलेला असे. गडी काम सोडून गेला. शेजारची मुलं आमच्या कुंपणापाशी आली की त्यांच्या आया त्यांना रागावून लांब नेत. मी हे सगळं ओळीने लावून कारण शोधायचा प्रयत्न करत होते. राग आला की मारतात म्हणावं, तर राग आलेला दिसत नसे. ताडी-माडीला ते शिवत नव्हते.

माझा नंबर श्रावणात लागला. ते अंगणातून फाटकाकडे निघाले होते, पाऊस होता, खाडीला उधाण होतं. मला वाटलं हे पाण्याकडे चालले आहेत. मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं. त्यांनी वळून माझं मनगट पकडलं, ओढत मला दारापर्यंत आणलं आणि चौकटीच्या कडेवर टेकवून खाली दाबलं. सुकी फाटी मोडावी तसा आवाज झाला. मी ओरडले की नाही आठवत नाही, तुमची आई पाळण्यात ओरडली ते आठवतं. मग त्यांनी माझा हात सोडला, स्वतःच्या हातांकडे पाहिलं, अंगणात जाऊन गुडघ्यांवर बसले आणि ओकले.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला घेऊन वेंगुर्ल्याला वडिलांकडे गेले. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या. वडील म्हणाले, "आता परत जायचं नाही. शाळेत जागा आहे." मी म्हटलं, मुलगी इथेच राहील. ती आता रांगते आहे, मग चालेल. चालायला लागलेलं मूल बापाचं बोट धरायला जाणार आणि ती चौकट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. ती त्या घरात सुरक्षित राहील याची मला खात्री होईपर्यंत तिला मी तिथे नेणार नव्हते. खात्री झाली नाही, तर मीही तिथे राहणार नव्हते. हे मी मला न्यायला आलेल्या मामंजींना तोंडावर सांगितलं आणि एकटीच परत निघाले. ते म्हणाले, "बरां आसा गो. पण आदी देवाक विचारूया."

गाऱ्हाणं म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला हवं. आपल्याकडे संकट आलं की देवळात जाऊन ते देवापुढे मांडतात. पण ज्याच्यावर संकट आलं तो बोलत नाही. मानकरी बोलतो, मोठ्याने, एका दमात, आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेली सगळी माणसं म्हणतात, "होय म्हाराजा!" ऐकायला फार छान वाटतं. आपलं दुःख कोणीतरी उचललं असं वाटतं.

आजोबांना पुढे बसवलं. मानकरी सुरू झाला. "बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुजो लेकरू तुज्या पायाकडे इलो आसा!"

"होय म्हाराजा!"

"सख्ख्या भावासारख्या भावाक वाचवक गेलो, स्वतःच्या जिवाची पर्वा केल्यान नाय!"

"होय म्हाराजा!"

"हात दिल्यान, पण दर्यान हात सोडवल्यान!"

"होय म्हाराजा!"

"त्या दर्यावरचा जा काय ह्याच्या मानगुटीर बसला आसात, तां दूर कर म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मी बायकांच्या बाजूला होते. आत्या माझ्या शेजारी बसून रडत रडत होय म्हाराजा म्हणत होती. आजोबांच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठ झालेल्या मला मागून दिसत होत्या. घरी येताच त्यांनी गोठ्यातल्या पाड्याला दांडक्याने इतकं मारलं की तो परत उभा राहिला नाही.

मामंजी म्हणाले, गाऱ्हाणं नीट पोचलं नाही. पुन्हा घातलं. प्रत्येक वेळी तीच वाक्यं आणि प्रत्येक वेळी घरी आल्यावर काहीतरी मोडलेलं. मग घाडी आला, भुतं उतरवणारा. त्याने आजोबांना पडवीतल्या खांबाला काथ्याच्या दोरीने बांधायला लावलं, खाली मिरच्यांचा धूर केला आणि निगडीच्या ओल्या फोकाने पाठीवर मारत विचारू लागला, "सांग, कोण तू? खंयसून इलंस?" पाठीवरची कातडी उसवली. आजोबा खोकत होते, ओरडत नव्हते. घाडीने जवळ वाकून त्यांची मूठ उघडायला मनगट धरलं तेव्हा त्यांनी त्याच्या कानाचा तुकडा तोडला, दातांनी. घाडी तो तुकडा हातात घेऊन आमच्याकडे बघत राहिला.

त्यानंतर मामंजी थकले. वेड्यांच्या इस्पितळात टाकू म्हणाले. तिथे गेलेली आमच्या गावची दोन माणसं परत आली नव्हती. मी म्हटलं, त्याआधी एकदा मुंबईला नेऊ. माझा भाऊ गिरगावात राहायचा. त्याच्या कचेरीतल्या एकाच्या बहिणीला तिथल्या मनाच्या डॉक्टरने बरं केलं होतं. मामंजी म्हणाले, "मनाचो डॉक्टर? मन काय दाढ आसा, उपटून टाकूक?" पण आले. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीने आम्ही तिघं गेलो. म्हणजे निदान तीन महिने परत येणं शक्य नव्हतं. मुलगी वेंगुर्ल्यालाच राहिली. बंदरावर माझ्या आईने तिला उचलून दाखवलं, तर आजोबांनी मान फिरवली.

पहिला डॉक्टर आम्हाला मानवला नाही. त्याने आजोबांकडे न पाहताच सांगितलं की खलाशी सगळे पितात, याची दारू सोडवा. मी उठले. तुलाही पहिला माणूस पटला नाही तर उठ. त्यात अपमान कुणाचाच नाही.

दुसरा एका मोठ्या इस्पितळात बसणारा पारशी. टक्कल, जाड चष्मा आणि कोटाच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या. मामंजींनी खुर्ची पुढे ओढली, घसा साफ केला आणि कचेरीत बोलायचं ते मराठी काढलं. "डॉक्टरसाहेब, सदर मुलगा माझा ज्येष्ठ चिरंजीव असून, आपल्या बंधूस वाचवण्याच्या प्रयत्नात…"

"तुमी आजारी हाय?" डॉक्टरने विचारलं.

"मी? नाही."

"मग तुमी बाहेर बसा."

"पण तो बोलत नाही हो! मी सांगतो ना सगळं!"

"नाय बोलेल तर नाय बोलेल. मी पन नाय बोलेल. आमी दोघे बसू." मग माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला, तुम्हीही, बाई. पण त्याआधी त्याने आम्हा दोघांसमोर आजोबांना काही गोष्टी स्पष्ट सांगितल्या आणि त्या मला अजून महत्त्वाच्या वाटतात. इथे बोललेलं मी तुझ्या बापाला सांगणार नाही, बायकोला सांगणार नाही. तू कुणाचा जीव घेणार आहेस असं मला वाटलं तर मात्र मी गप्प बसणार नाही, आणि हे आताच सांगतो, म्हणजे मागाहून फसवलं म्हणू नकोस. मला वाटेल ते औषध मी तुला न विचारता देणार नाही. आणि मला म्हणाला, त्याने हात उचलला की तुम्ही खोलीबाहेर. समजूत घालत थांबायचं नाही. तो बरा होतोय म्हणून तुम्ही मार खायचा नाही.

दार लागलं. मामंजी बाकावर बसून कुरकुरत राहिले. "ह्यो कसलो डॉक्टर! ह्याका होय म्हाराजा म्हणूक सुद्धा येत नाय."

पहिले कित्येक आठवडे आत काही झालं नाही. आजोबा खिडकीबाहेर बघत बसायचे आणि डॉक्टर पेपरमिंट चघळायचा. वेळ संपली की उठायचा. पुढे कधीतरी आजोबा थोडं बोलू लागले असावेत, कारण एक दिवस बाहेर आले ते संतापून. "माका अर्ध्यार उठवल्यान! घड्याळ बघल्यान आणि म्हणता, आता पुढच्या बुधवारी!" मला हसू आलं आणि त्याच वेळी भीतीही वाटली. त्या दिवशी भावाच्या खोलीत त्यांनी भिंतीवर मुठी मारायला सुरुवात केली. गिलावा पडला, आतली वीट लाल झाली. भावाची बायको स्टोव्ह बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी नियम पाळला, खोलीबाहेर गेले. बाहेरून तो आवाज ऐकत राहणं मार खाण्यापेक्षा सोपं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी डॉक्टरकडे गेले आणि म्हटलं, "तुमच्यामुळे जास्त बिघडलं आहे."

"कोनाला मारला?"

"भिंतीला."

"आधी कोनाला मारत होता?"

"माणसांना."

"मग?" असं म्हणून त्याने मला एक पेपरमिंट दिली.

तुलाही असे दिवस येतील. बरं वाटावं म्हणून गेलीस आणि जास्त वाईट वाटायला लागलं, असं होईल. ते त्याला तोंडावर सांग. घरी बसून ठरवून टाकू नकोस.

पण मुलीविषयीची माझी खात्री काही होत नव्हती. ती खात्री ज्या दिवशी सुरू झाली, तो दिवस त्या सगळ्या महिन्यांतला सर्वांत वाईट होता. बाहेर गर्दी होती. आपला नंबर आला असं समजून आजोबा उठले आणि दाराकडे गेले. वॉर्डबॉयने "ए, थांब ना!" म्हणत त्यांचा हात धरला. आजोबांनी त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. मग आणखी तिघं धावत आले. त्यांनी आजोबांना फरशीवर पाडलं, हात पाठीमागे पिरगळले आणि लाथा घालू लागले. जितके हात पिरगळत तितके आजोबा उसळत, चावत, डोकं फरशीवर मारून घेत. मामंजी "माज्या झिलाक मारू नकात" म्हणत त्यांच्यातच शिरले आणि त्यांनाही एक बसली. डॉक्टर बाहेर आला. लहानखुरा माणूस, पण आवाज मोठा निघाला. "हात सोडा! पहिला हात सोडा त्याचा!"

त्यांनी सोडला. आजोबा त्या क्षणी थांबले. दिव्याचं बटण बंद करावं तसे. फरशीवर पडून धापा टाकत राहिले, नाकातून रक्त वाहत होतं, पण कुणावर धावले नाहीत.

डॉक्टरने आधी वॉर्डबॉयला डोक्याला टाके घालून घ्यायला पाठवलं. मग मला खोलीत बोलावून म्हणाला, का मारतात ते सांगू नका. मारायच्या आधी कोण काय करत होतं, फक्त तेवढं सांगा. मी सांगू लागले. सासूबाईंनी वडा वाढताना. वैद्याने नाडी पाहताना. फाटकापाशी मी. घाडी मूठ उघडताना. सांगता सांगता मला स्वतःलाच ऐकू आलं. मनगट. प्रत्येक वेळी कोणीतरी त्यांचं मनगट धरलं होतं.

"कशामुळे?" मी विचारलं.

"ते त्याचा हाय," डॉक्टर म्हणाला. "तो सांगेल तर सांगेल."

नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या. परतताना सकाळी डेकवर, रत्नागिरी मागे पडल्यावर, त्यांनी मला सांगितलं. मामंजी खाली झोपले होते. आजोबा समुद्राकडे बघत, सावकाश बोलत होते. होडी लहान होती, अर्धी पाण्याने भरलेली. दोघे खलाशी ओणवे होऊन पाणी उपसत होते. आतेभाऊ पाण्यात होता. त्याने एका हाताने होडीची कड धरली होती आणि दुसऱ्याने आजोबांचं मनगट. तो वर यायला धडपडला की होडी कलंडायची. "मी म्हटलंय, सोड, कड धरून रव, वर येव नको. तेका ऐकूच येय ना. होडी भरत इली. मगे मी वल्ह्यान मारलंय. पयल्यांदा खांद्यार. सोडल्यान नाय. मगे तोंडार मारलंय. मगे परत तोंडार."

आणि मग म्हणाले, "हात माजो तेणा मेल्यावरच सोडल्यान गो."

मला होय म्हणायचं नव्हतं आणि नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. मी फक्त विचारलं, डॉक्टरने हे सगळ्यांना सांगायला सांगितलं आहे का? ते म्हणाले, नाही. "तो इचारता, कोणाक सांगूचा आसा, आणि कित्याक. येवढाच इचारता मेलो."

घरी आल्यावर ते स्वतःहून माडांतल्या मांगरात, जिथे काथ्या आणि नारळ ठेवत तिथे, राहायला गेले. कुणी त्यांचं मनगट धरायचं नाही हे मी घरात सगळ्यांना बजावलं होतं, कारण मात्र सांगितलं नव्हतं. काही आठवडे नीट गेले. मामंजी खूश झाले आणि त्यांनी देवाचे आभार मानायला पुन्हा गाऱ्हाणं ठेवलं. मी नको म्हटलं. आजोबा म्हणाले, "असूं दे. मी येतंय."

देऊळ भरलं होतं. आत्या पुढे बसली होती, तिच्यापुढे ओटीचा नारळ. मानकरी जोरात होता. "बा देवा म्हाराजा! भावाक वाचवक गेलेल्या ह्या लेकराची तू राखण केलंस!"

"होय म्हाराजा!"

"भावाक हात दिल्यान, दर्यान हात सोडवल्यान!"

"नाय म्हाराजा," आजोबा म्हणाले.

मानकऱ्याला वाटलं कोणी खोकलं. त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. आजोबा उठून उभे राहिले. "नाय म्हाराजा. दर्यान नाय. मी सोडवलंय. वल्ह्यान मारून सोडवलंय." आणि आत्याकडे तोंड करून त्यांनी सगळं सांगितलं. डेकवर मला सांगितलं होतं तसंच, खांदा आणि मग तोंड. तिथल्या कुणी त्यांना थांबवलं नाही. गाऱ्हाण्याच्या मध्ये काय करायचं असतं हे कुणालाच माहीत नव्हतं.

आत्या उठली. तिने डाव्या हाताने त्यांचं मनगट पकडलं, उजव्या हाताने नारळ उचलला आणि मारायला लागली. भात कांडून कमावलेले तिचे हात होते. "माज्या झिलाच्या तोंडार? मेल्या, तोंडार मारलंस? तू माज्या घरात जेवलंस रे! माज्या ताटात जेवलंस!" नारळ फुटला नाही, भुवई फुटली. रक्त सदऱ्यावर उतरलं. चार पुरुष आजोबांना धरायला धावले. मी बायकांतून ओरडले, "त्यांना कोणी धरू नका!" मी देवळात आयुष्यात एकदाच ओरडले आहे.

मी त्यांच्या हाताकडे बघत होते, आत्याने धरलेल्या. बोटं उघडत होती, मिटत होती. दुसरा हात मोकळा होता आणि शेजारीच जड पितळी समई होती. तो हात उठला नाही. ते म्हणत होते, "मार गो आते." ती दमेपर्यंत मारत राहिली. मग तिने मनगट सोडलं, नारळ तिथेच टाकला आणि एकटी घरी गेली.

माफी वगैरे काही मिळाली नाही. आत्या पुढे पुष्कळ वर्षं जगली, माझ्याशी बोलायची, आजोबांशी एक शब्द बोलली नाही. गावातले निम्मे लोक म्हणाले, सांगायचं नव्हतं. मामंजी म्हणाले, "कुळाचा नाक कापल्यान," आणि कित्येक महिने मुलाच्या पंक्तीला बसले नाहीत. आजोबा पावसाळा सोडून दर दोन महिन्यांनी त्या डॉक्टरकडे जात राहिले, आणखी बरीच वर्षं. देवळात सगळं सुटलं असं समजू नका. नंतरही त्यांनी मांगराच्या दाराची एक फळी बुक्क्यांनी फोडली. पण माणसावर हात टाकला नाही.

दिवाळीनंतर मी वेंगुर्ल्याला जाऊन तुमच्या आईला घरी आणलं. ती तोवर चालत होती, पळतही होती. बापाला तिने ओळखलं नाही. ते अंगणात आले आणि तिच्यापासून लांब बसले, दोन्ही हात काखेत घालून. ती त्यांच्याकडे जायला निघाली. मी तिला उचलायला पुढे झाले. ते म्हणाले, "थांब. तिका शिकव. धरूच्या आदी इचारूक शिकव."

बोलायला लागल्यावर तुमच्या आईने जी पहिली काही वाक्यं म्हटली त्यात हे होतं. ती त्यांच्यासमोर उभी राहायची, हात पाठीमागे, आणि विचारायची, "बाबा, धरू?" ते आधी स्वतःच्या हाताकडे बघायचे. कधी म्हणायचे, "आता नको गो बाय, मगे." ती निघून जायची आणि खेळायला लागायची. कधी हात पुढे करून म्हणायचे, "धर."